पिस्तूल घ्यायला दोन शनिवार लागले, ठेवायचं कुठे यात वर्षं गेली : डॅलसजवळच्या एका मराठी घराचं प्रकरण

नावं, गाव, मुलांची वयं थोडीफार बदलली आहेत, घरच्यांना विचारून लिहितेय. मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका शूटिंग रेंजवर वीकेंडला गन चालवायला शिकवते, त्यामुळे मंडळातल्या बायका अधूनमधून विचारायला येतातच. बहुतेकींचा पहिला प्रश्न "कुठली गन घेऊ" हाच असतो आणि माझा उलट प्रश्न "घरात कोण कोण राहतं?" हा असतो, तो ऐकून त्या जरा चिडतात. हे प्रकरण त्याच प्रश्नाचं आहे.

पार्श्वभूमी

मेघना म्हणू आपण तिला. वय चाळिशीच्या थोडं पुढे, मूळची नागपूरची, आयटीत, नवरा पण आयटीत पण त्याचं काम असं की महिन्यातले दहाबारा दिवस बाहेरगावी. दुमजली घर, मास्टर बेडरूम खाली, मुलांच्या खोल्या वर. थोरला पंधराचा, धाकटी सातची. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या, आणि एक भाची, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर मास्टर्स करणारी, वरच्या गेस्टरूममध्ये. नवराबायकोला ग्रीन कार्ड येऊन फार दिवस झाले नव्हते.

दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्या सबडिव्हिजनमधल्या एका देशी घरात चोरी झाली, घरचे सगळे कार्यक्रमाला गेले होते, सोनं गेलं. इथल्या आपल्या लोकांना याची धास्ती उगाच नाहीये. ह्यूस्टनच्या एका बाईने टोळी जमवून २०११ ते २०१४ या काळात टेक्सास, जॉर्जिया, मिशिगन, न्यू जर्सी, न्यूयॉर्क अशा राज्यांत आशियाई आणि भारतीय कुटुंबांच्या याद्या काढून घरात घुसून दरोडे घातले होते, तिला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. हे आपल्या लोकांत सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यात आठवडाभराने मेघनाच्या मागच्या दाराच्या कॅमेऱ्यात रात्री दोनच्या सुमारास कोणीतरी दाराची मूठ फिरवून बघताना दिसलं. नवरा तेव्हा सिॲटलला. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन, "ताई, मला गन घ्यायचीय, या शनिवारी."

अडचण नेमकी काय होती

तिच्या मते अडचण एकच, नवरा नसताना रात्री घर सांभाळणारी मी एकटी आणि पोलीस यायला लागणारी मिनिटं. नवऱ्याच्या मते अडचण सोनं ही होती, ते बँकेच्या लॉकरात टाक, विषय संपला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं, नवरा जरा जास्त, पण ते मी तेव्हा बोलले नाही.

माझ्या दृष्टीने तिसरीच अडचण होती आणि ती दोघांच्याही यादीत नव्हती. त्या घरात सहा माणसं, त्यातल्या दोघांनाच कायद्याने बंदूक बाळगता येते. व्हिजिटर, एफ-वन, एच-वनबी (नोकरीचा), एच-फोर (त्यांच्या कुटुंबाचा) असे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसावाले फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या स्वतःकडे ठेवू शकत नाहीत, २०२२ पासून यासाठी जास्तीत जास्त १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. शिकारीचा परवाना असेल तर कायद्यात सूट आहे, लोक तो ऑनलाइन काढतातही, पण ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये असंच मी सांगते. रेंजवर भाड्याची गन हातात घेणं हेही "बाळगणं"च, हे आपल्या पोरांना माहितीच नसतं, फोटो काढून इन्स्टावर टाकतात वर.

ग्रीन कार्डवाल्याला मात्र चालतं. मेघनाला दुकानातून हँडगन घेता येणार होती, त्याला वय २१ लागतं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर टाकायचा, मग दुकानदार एनआयसीएस या एफबीआयच्या यंत्रणेवर बॅकग्राउंड चेक करतो.

काय काय पर्याय होते

शनिवारी दुकानात न जाता आम्ही तिच्या डायनिंग टेबलवर बसलो. सासूबाईंनी पोहे केले होते आणि त्यांनाही बसवून घेतलं, कारण त्या घरातल्या आहेत.

पहिला पर्याय गन न घेता घर पक्कं करणं. दाराच्या चौकटीतल्या कुलुपाच्या पट्टीला इथे बिल्डर लोक इवलेसे स्क्रू मारतात, एका लाथेत चौकट फुटते, तिथे तीन इंची स्क्रू मारले की ते आतल्या लाकडी खांबापर्यंत जातात, खर्च जवळजवळ शून्य. मोशनचे दिवे, अलार्म, मागच्या सरकत्या दाराला दांडा. सोनं बँकेत, आणि जे घरात राहील त्याचा वेगळा विमा, कारण साध्या होमओनर्स पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बहुतेक ठिकाणी १,५०० डॉलरच्या आसपासच मर्यादा असते, आपल्याकडच्या एका पाटलीचे पण येणार नाहीत तेवढ्यात.

दुसरा पेपर स्प्रे. घराबाहेर ठीक आहे, बंद खोलीत मारला तर मारणारीच खोकत बसते.

तिसरा कुत्रा. सासूबाई ठाम नाही म्हणाल्या.

चौथा हँडगन. यात मी तिला दोन गोष्टी विचारल्या ज्या मी सगळ्यांना विचारते. एक, रात्री आवाज आला तर तू काय करणार, खोलीत थांबणार की शोधायला निघणार? ती म्हणाली बघायला जाणार ना, मुलं वर आहेत. आणि सासूबाई पटकन म्हणाल्या, "अगं, मी साडेचारला उठते, लाइट न लावता पाणी प्यायला जाते." टेबलावर जरा शांतता झाली. त्या एका वाक्याने जे काम केलं ते माझ्या अख्ख्या क्लासने झालं नसतं. दुसरा प्रश्न, घरात कोणी सध्या फार उदास, चिडचिडं, दारू पिणारं आहे का? तेव्हा उत्तर नाही होतं आणि ते तेव्हा खरं होतं.

तिने घर पक्कं करणं आणि हँडगन, दोन्ही करायचं ठरवलं. नवरा फोनवरून म्हणाला तुझा निर्णय, मी हात लावणार नाही. हा पहिला निर्णयाचा टप्पा, आणि नवऱ्याचं ते वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं. घरात असलेल्या गनला "मी हात लावणार नाही" असं काही नसतं, निदान ती रिकामी कशी करायची एवढं तरी दोघांना यायला पाहिजे.

पिस्तूल निवडताना

हा भाग लोकांना सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात सोपा असतो. मेघना आधी एकटीच एका दुकानात जाऊन आली होती. काउंटरवरच्या माणसाने बाई बघून सरळ छोटं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, गुलाबी मुठीचं, "लेडीज लोकांना हेच बरं". बायकांना छोटी गन हा इथला जुना गैरसमज आहे. तसलं .३८ स्पेशलचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर भरतं चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि गोळी तीच असताना गन जितकी हलकी तितका धक्का हातात जास्त येतो. वर ट्रिगर ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. पर्समध्ये मावतं हे खरं, पण तिला पर्समध्ये न्यायचंच नव्हतं. टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते, पण तिला हवी होती घरासाठी.

रेंजवर भाड्याने चार गन घेतल्या. भाची पण "मी पण एक मारून बघते ना मावशी" म्हणत आलेली, तिला मी लॉबीत बसवलं, ती रुसली, रुसू दे.

रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्यांनंतर मेघनाचा तळवा लाल आणि सहाव्या वेळेला ती गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायला लागली. ते एकदा अंगात बसलं की घालवायला महिने लागतात. ग्लॉक १९ या पिस्तुलाने तिचा नेम बरोबर लागत होता पण मूठ जाड, ट्रिगरपर्यंत बोट पुरवण्यासाठी ती पूर्ण मूठ फिरवून धरायची आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढताना अंगठ्याच्या सांध्यात कळ यायची, कीबोर्डवर बसून बसून तो सांधा आधीच गेलेला. स्लाइड ओढायचं बरंचसं तंत्र आहे हे खरं, दोन बोटांच्या चिमटीने ओढायचं नाही, डाव्या पंज्याने वरून घट्ट धरायचं आणि उजव्या हाताने गन पुढे ढकलायची, तोंड कायम टार्गेटकडे. तरी दुखणाऱ्या अंगठ्याला तंत्राची मर्यादा असते.

शेवटी स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी, .३८० कॅलिबरची, २०१८ मध्ये आलेली, स्लाइड हलकी ओढली जाते, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) गोळ्या भरणं सोपं, आठ गोळ्या. माझं मत ९ एमएमकडे होतं कारण सरावाच्या गोळ्या स्वस्त पडतात, .३८० च्या महाग, आणि महाग गोळी म्हणजे कमी सराव. पण तिच्या हातात जी बसली ती बसली, तिचे सगळे नेम एका बशीएवढ्या जागेत येत होते आणि चेहऱ्यावर भीती नव्हती. हिच्या मुठीच्या मागे एक सेफ्टी असते, नीट घट्ट धरलं नाही तर ती दबत नाही आणि गोळीच सुटत नाही, सुरुवातीला दोनदा तिचं तसं झालं. काही इन्स्ट्रक्टर त्याच कारणाने हे मॉडेल नको म्हणतात. मला ते पटत नाही, पकड सुधारली की प्रश्न मिटतो.

गोळ्यांबद्दल एकच. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी खांबांना दोन्हीकडून ठोकलेले अर्ध्या इंचाचे ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे), हँडगनची गोळी अशा एकापेक्षा जास्त भिंती आरपार जाते. घरासाठी लोक हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ तोंडाची गोळी ठेवतात, ती अंगात फुलून थांबावी म्हणून, पण ड्रायवॉलच्या भुकटीने तिचं तोंड बुजलं की ती पण साध्या गोळीसारखी पुढे जाऊ शकते. म्हणून घराचा नकाशा काढून आम्ही बघितलं की बेडरूमच्या दारातून कुठल्या दिशेला कोणाचं डोकं असतं. जिन्याच्या दिशेला वर धाकटीची खोली. त्या दिशेने कधीच नाही, हे ठरलं. आणि प्लॅन ठरला की आवाज आला तर शोधायला निघायचं नाही, मुलांना खाली मास्टरमध्ये बोलवायचं, सासूबाई, भाची पण तिथेच, दार लावायचं, ९११ लावून लाइनवर राहायचं. सासूबाईंच्या वाटेवर सेन्सरचा नाइटलॅम्प.

ठेवायचं कुठे

टेक्सासचा कायदा थोडक्यात असा की १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन, चेंबरमध्ये (नळीच्या मागची गोळीची जागा) गोळी असो वा नसो, निष्काळजीपणाने लागली तर तो गुन्हा, आणि त्यातून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर जास्त मोठा. दुकानदाराला हँडगनबरोबर कुलूप द्यावंच लागतं, फेडरल नियम आहे, सोबत आली ती केबल लॉक. ती स्लाइडमधून ओवली की गन चालत नाही, पोलीस स्टेशनवर पण बऱ्याच ठिकाणी फुकट मिळते. साठवायला उत्तम, रात्री दोन वाजता झोपेत उघडायला कठीण.

नवऱ्याने (हात लावणार नाही म्हणणाऱ्या) ऑनलाइन स्वस्तातली बोटाच्या ठशाची सेफ मागवून टाकली. मी म्हटलं गन आत ठेवायच्या आधी आठवडाभर रिकामीच वापरा आणि घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा. हे उगाच नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कंपनीच्या सुमारे ६१,००० बायोमेट्रिक सेफ परत बोलावल्या होत्या, नोंद न केलेल्या बोटानेही त्या उघडू शकत होत्या आणि एका १२ वर्षांच्या मुलाचा जीव गेल्यावर खटला झाला होता. यांच्या सेफमध्ये धाकटीचं बोट चाललं नाही, पण कणीक मळून आलेल्या मेघनाचंही चाललं नाही, क्रीम लावल्यावर पण नाही. परत पाठवली.

मग घेतली यांत्रिक बटणांची पेटी, बॅटरी नाही, बोटांना अंधारातही बटणं कळतात. कपाटातल्या खांबाला बोल्टने आतून आवळली, कारण न आवळलेली पेटी चोर बगलेत मारून नेतो आणि निवांत फोडतो. कोड वाढदिवस, घर नंबर, गाडी नंबर नाही. कोड फक्त दोघांना. सासूबाई आणि भाचीला कोड माहीत असणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गन त्यांच्याही ताब्यात असल्याचा मुद्दा निघू शकतो, वकिलाने हेच सांगितलं.

दुसरा टप्पा, भरलेली ठेवायची का. मॅगझिन भरून लावलेलं, चेंबर रिकामं, असं ठरलं. स्लाइड तिला सहज ओढता येते, एक सेकंद जातो, तो गेलेला परवडतो असं माझं मत. याच्या उलट मत असणारे भरपूर आहेत आणि ते मूर्ख नाहीत.

तिसरा, पेटीची जादा किल्ली. ती कुठे ठेवली असेल? देवघराच्या ड्रॉवरमध्ये, लॉकरच्या आणि गाडीच्या किल्ल्यांबरोबर, जिथे घरातल्या पाहुण्यालाही माहीत असतं की किल्ल्या असतात. ती शेवटी सोन्याबरोबर बँकेत गेली.

मग दीड वर्षाने

सासूबाई परत गेल्या, भाची नोकरीला लागून दुसरीकडे गेली, दाराची मूठ परत कोणी फिरवली नाही. एक दिवस जेवताना थोरला सहज बोलून गेला, "ते आईच्या पैठण्यांच्या मागचं बॉक्स." दोघांची समजूत होती की त्याला माहीतच नाही. २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात हेच दिसलं होतं, मुलांना जागा माहीत नाही असं ज्यांच्या पालकांनी सांगितलं त्यातल्या बऱ्याच मुलांना ती माहीत होती. कोड बदलला, त्याच्याशी बोलणं झालं.

काही महिन्यांनी शाळेच्या काउन्सेलरचा फोन आला. मुलाने इंग्लिशच्या वर्गात लिहिलेलं काहीतरी टीचरला काळजीचं वाटलं होतं. तो टीममधून बाहेर पडला होता, रात्र रात्र जागा असायचा, आईवडिलांना वाटत होतं अकरावीचं टेन्शन. मेघनाने मला फोन केला तेव्हा ती काउन्सेलरबद्दल बोलत होती, मी मध्येच थांबवून विचारलं, गन कुठंय. म्हणाली पेटीत आहे, कुलूप आहे, कोड नवीन आहे. मी म्हटलं आज रात्री घरात नको.

इथे थोडं थांबते, कारण इथे लोक वाद घालतात. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, चोर-दरोडेखोर नाहीत. असा विचार बऱ्याचदा तीव्र होतो तो थोड्या वेळासाठी, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर माणूस वाचतो की नाही हे ठरतं, बंदूक असेल तर दुसरी संधी फार क्वचित मिळते. कुलूप चांगलंच, पण त्या काळात गन घराबाहेर असणं त्याहून कितीतरी चांगलं. "आमचा मुलगा तसा नाही" हे वाक्य इथे कामाचं नाही. लहान मुलांचे डॉक्टर चेकअपला घरात गन आहे का विचारतात तेव्हा आपले लोक रागावतात, तो प्रश्न यासाठीच असतो.

ठेवायची कुठे? शेजारच्या मित्राने लगेच तयारी दाखवली, पण तो एच-वनबीवर, म्हणजे बादच. दुकान बंद झालेलं. मी सिटिझन आहे, टेक्सासची रहिवासी आहे, इथे दोन रहिवाशांमध्ये असं देणंघेणं चालतं, इतर राज्यांत नियम वेगळे असतात. त्या रात्री मी जाऊन गोळ्यांसकट घेऊन आले. त्याच आठवड्यात ती एका रेंजला लागून असलेल्या दुकानात ठेवायला दिली, ते महिन्याच्या भाड्यावर ठेवून घेतात, पावती देतात, परत घेताना ४४७३ पुन्हा भरावा लागेल असं त्यांनी आधीच सांगितलं. माझ्या घरी तशीच राहू द्यायला माझी तयारी नव्हती, मैत्रीत अशी वस्तू बेहिशेबी पडून राहते.

मुलाला त्यांनी लपवलं नाही. वडिलांनी सांगितलं, तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, तुला बरं नाहीये म्हणून बाहेर ठेवलीय. तो म्हणे फक्त "ओके" म्हणाला. थेरपिस्ट सुरू झाला, ९८८ या आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर लागला, वडिलांनी प्रवासाचं काम सोडून दुसरी टीम घेतली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागाचा आणि सगळ्यात उपयोगी निर्णय तो होता.

सध्या

मुलगा आता बराच सावरलाय, परत खेळायला जातो. गन अजून दुकानातच आहे. मेघना सरावाला तिथेच जाते. घरात अलार्म, स्क्रू, दांडा, दिवे, सोनं बँकेत. दीड वर्षाहून जास्त गन घरात होती आणि एकदाही पेटीतून गरजेपोटी बाहेर आली नाही. चोर आला नाही म्हणून गनची गरज नव्हती किंवा स्क्रूमुळे चोर आला नाही, यातलं काहीच यावरून म्हणता येत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मेघनाला विचारलं तर ती म्हणते सेफ आधी घेतली असती, गन नंतर, कारण आठवडाभर गन दुकानाच्या डब्यात केबल लॉक लावून सुटकेसमध्ये पडून होती. मला वाटतं थोरल्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पंधरा वर्षांच्या मुलापासून कपाट लपत नाही. आणि गन घ्यायच्या आधीच ठरवून ठेवायला हवं होतं की घरात कोणाचं काही बिघडलं तर ती कोणाकडे जाईल, त्या माणसाचा व्हिसा काय, दुकान कुठलं, फोन नंबर काय, कारण ऐनवेळी आईच्या डोक्यात एवढं राहत नाही. घरात कोण राहतं हा प्रश्न माणूस आला-गेला की परत विचारायचा असतो, हे पण यांच्या बाबतीत आपोआप झालं नाही, शाळेच्या फोनने झालं.

नवऱ्याचं म्हणणं सोनं पहिल्याच आठवड्यात बँकेत गेलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही. मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजला डॉर्मवर जाईल, तोपर्यंत गन दुकानातच, त्यानंतर बोलायचं असं ठरलंय. परत आणायची झाली तर त्याआधी नवऱ्याने माझा बेसिक क्लास करायचा ही अट मेघनाने घातलीय, आणि मुलगा सुट्टीत घरी येईल तेव्हा ती परत दुकानात जाईल ही अट नवऱ्याने.